टर्बोचा व्हॉल्व्ह काढल्यावर पाइप कुठे जोडायचा?

मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून इंदूरकडे येताना भेरूघाट लागतो. घरची पाच माणसे आणि सामान घेऊन निघालेली आमची टर्बो पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यात त्या चढावर एकाएकी दमली, पिवळा दिवा लागला आणि पिकअप नाहीसा झाला. इंदुरात पोहोचल्यावर कारागिराने स्कॅनर लावला. त्यावर पी ०२९९ हा संकेत आला. त्याचा अर्थ असा, की टर्बोकडून हवेचा अपेक्षित दाब मिळत नाही. त्याने सुचवले, की बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह काढून टाकू आणि पाइप ‘डायरेक्ट’ करू. हा सल्ला अनेकांना मिळतो, आणि त्यामागे अशी समजूत असते, की हा व्हॉल्व्ह टर्बोला अडवून धरतो, म्हणून तो काढला की ताकद वाढेल. पेट्रोल गाडीत वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाके असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चाक फिरवतो आणि दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा मिळाली, की इंधनही जास्त जाळता येते. त्यातून अधिक वायू निघतो आणि तो चाकाला आणखी वेग देतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या यंत्रात हे चक्र मोकळे सोडले, तर दाब वाढतच जाईल. म्हणून तप्त वायूला चाक टाळून थेट सायलेन्सरकडे जाण्यासाठी एक आडवाट ठेवलेली असते, तिला वेस्टगेट म्हणतात. तिच्या तोंडावर झडप असते आणि ती झडप उघडण्याचे काम ॲक्चुएटर, म्हणजे पत्र्याची एक छोटी डबी, करते. डबीत रबरी पडदा असतो. त्याच्या एका अंगाला टर्बोने दाबलेली हवा येते, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग आणि बाहेरची मोकळी हवा असते. पडद्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर अर्ध्या बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) त्यावर सुमारे १० किलो वजनाइतका जोर येतो. हा जोर स्प्रिंगपेक्षा भारी झाला, की दांडी सरकते आणि झडप उघडते.

आता असे समजा, की स्प्रिंग ०.४ बारला नमते, पण इंजिनाला मात्र ०.८ बार हवे आहेत. हा फरक आपला व्हॉल्व्ह भरून काढतो. त्याला तीन तोंडे असतात: एक टर्बोकडे, दुसरे ॲक्चुएटरकडे आणि तिसरे एअर फिल्टरनंतरच्या, कमी दाबाच्या नळीकडे. आतली विजेची गुंडाळी सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद होत असते आणि ॲक्चुएटरकडे निघालेल्या हवेपैकी काही भाग तिसऱ्या तोंडाने सोडून देते. त्यामुळे टर्बोकडे ०.८ बार असतानाही पडद्याला जेमतेम ०.४ बारच जाणवतात आणि झडप मिटलेली राहते. थोडक्यात, हा व्हॉल्व्ह टर्बोचा खरा दाब पडद्यापासून लपवून ठेवतो. हवेचा किती भाग सोडायचा, हे इंजिनाचा संगणक क्षणाक्षणाला ठरवतो.

म्हणून व्हॉल्व्ह काढून टर्बोची नळी सरळ ॲक्चुएटरला जोडली, तर पडद्याला पूर्ण दाब कळतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या ०.४ बारवरच थांबतो. गाडी सुरक्षित राहते, पण मंद होते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्हचा विजेचा प्लग निघाला तरी हेच घडते. बिघाड झालाच तर तो कमी दाबाच्या बाजूला व्हावा, अशी ती योजना आहे आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. याउलट नळी कुठेच न जोडता मोकळी सोडली किंवा तिचे तोंड बंद केले, तर पडद्याला काहीच कळत नाही. झडप उघडत नाही, दाब चढत जातो, आणि अतिदाबाने तापलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटून पिस्टनवर ठोके देऊ लागते. संगणक इंधन तोडून बचाव करतो, मात्र अशा बचावावर रोज गाडी चालवणे म्हणजे इंजिनाचे नुकसान ओढवून घेणे होय.

आपल्या इंदूरपुरता आणखी एक मुद्दा आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ ६ टक्के कमी असतो. स्प्रिंगला केवळ आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक कळतो. ‘डायरेक्ट’ केलेली गाडी बाहेरचा दाब आणि स्प्रिंगचे ०.४ बार मिळून मुंबईत एकूण १.४१ बार हवा घेईल, तर इथे १.३५ बार. व्हॉल्व्ह असलेल्या गाडीचा संगणक मात्र एकूण दाबाचा हिशेब ठेवतो आणि माळव्याच्या पठारावर टर्बोला थोडे अधिक फिरवून तूट भरून काढतो.

पुष्कळ डिझेल गाड्यांत हे गणित फिरते, आणि सर्वांत मोठा धोका इथेच आहे. त्यांच्या टर्बोत तप्त वायूची वाट अरुंद-रुंद करणारी हलती पाती असतात आणि ॲक्चुएटर दाबावर नव्हे, तर पंपाने निर्माण केलेल्या निर्वातावर चालतो; निर्वात मिळाला, की पाती मिटतात आणि बूस्ट वाढतो. तिथे व्हॉल्व्ह काढून नळी सरळ जोडली, तर पाती कायम मिटलेली राहून दाब बेसुमार वाढेल, आणि मोकळी सोडली तर गाडी केवळ मंदावेल. पेट्रोल गाडीवर निर्धोक ठरलेली युक्ती त्या डिझेल गाडीवर घातक ठरते, हे नळीला हात लावण्यापूर्वी ठाऊक हवे.

आम्ही व्हॉल्व्ह काढला, पण तपासण्यासाठी. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, प्लग सोडवला आणि तिन्ही नळ्यांवर खुणा करून मगच त्या उपसल्या, कारण त्यांची अदलाबदल झाली तर वर सांगितलेले सगळे प्रकार घडू शकतात. गुंडाळीचा रोध ठीक निघाला आणि १२ व्होल्ट क्षणभर देताच टिक असा आवाजही आला. फुंकून पाहिले तेव्हा मात्र तिसरे तोंड तेलकट चिकट्याने जवळजवळ बुजलेले आढळले. हवा सोडण्याची वाटच बंद झाल्याने पडद्याला पूर्ण दाब पोहोचत होता, म्हणजे आमची गाडी आधीच ‘डायरेक्ट’ झालेली होती. सुचवलेल्या उपायाने तोच बिघाड कायमचा झाला असता.

जुना व्हॉल्व्ह धुऊन वापरण्याऐवजी आम्ही नवा बसवला आणि तिसरी नळीही बदलली. त्यानंतर सिमरोलच्या पुढच्या चढावर स्कॅनर लावून पाहिला, तेव्हा संगणकाने मागितलेला दाब आणि टर्बोने दिलेला दाब हे दोन्ही आकडे पुन्हा जवळजवळ एकसारखे दिसू लागले होते.