गोळ्या मोठ्यांच्या, पोट लहानांचं : चुंबकगोळ्यांच्या वादाची पार्श्वभूमी

ऑनलाइन मिळणाऱ्या गमतीच्या वस्तूंवर बंदीची चर्चा निघाली की गाडी शेवटी एकाच प्रश्नावर अडते: वस्तू विकली कुणासाठी आणि गेली कुणाच्या हाती? या प्रश्नाचा सर्वात जास्त कीस पाडला गेला तो अमेरिकेत, पाच मिलिमीटरच्या चुंबकगोळ्यांवरून. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

फार मागे जायची गरज नाही. टपालाने गमतीच्या वस्तू पाठवणारे कॅटलॉग अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होते. कॉमिकच्या मागच्या पानांवर ‘क्ष-किरण चष्मे’ आणि पाण्यात टाकताच जिवंत होणारे चिमुकले जीव विकले जात. गिऱ्हाईक बहुतेक शाळकरी. 1975 साली मात्र भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला एक साधा दगड, सांभाळण्याच्या सूचनांच्या पुस्तिकेसह, ‘पाळीव’ म्हणून सुमारे चार डॉलरला बाजारात आला. तो घेणारी माणसं कमावती होती, आणि काही महिन्यांत असे दहा लाखांहून जास्त दगड खपले. निरुपयोगी वस्तूला मोठी माणसंही पैसे मोजतात, हे तिथे दिसलं.

इंटरनेटने त्या गिऱ्हाइकाला पत्ता दिला. 1999 मध्ये सुरू झालेलं एक ऑनलाइन दुकान प्रोग्रामर मंडळींसाठी विनोदी टी-शर्ट आणि टेबलावरची खेळणी विकू लागलं. यूएसबी पोर्टमधून पाच व्होल्ट आणि पाचशे मिलिअँपिअर वीज मिळते म्हटल्यावर त्यावर चालणारे पंखे, कप गरम ठेवणाऱ्या तबकड्या आणि शेजारच्या टेबलावर फोमचे बाण मारणारी ‘क्षेपणास्त्रं’ आली. दर 1 एप्रिलला हे दुकान खोटी उत्पादनं जाहीर करायचं. 2009 साली एका अंतराळपटातल्या बर्फाळ ग्रहावरच्या जनावराच्या आकाराची झोपायची पिशवी अशीच थट्टेत जाहीर झाली. मागणी इतकी आली की हक्क घेऊन ती खरोखर बनवावी लागली. (जपानमधली, विचित्र वस्तू बनवणाऱ्यांची ‘चिंदोगू’ ही चळवळ याच्या बरोबर उलटी: वस्तू जवळजवळ निरुपयोगी हवी, आणि ती विकायची नाही, हा तिथला नियमच. तिच्या 1995 च्या इंग्रजी पुस्तकात हसण्यासाठी छापलेली, कॅमेरा लावायची काठी पुढे जगभर सेल्फीसाठी विकली गेली, तो भाग वेगळा.)

गंमत आणि धोका यांची एक मोठी टक्कर 31 जानेवारी 2007 रोजी बॉस्टनमध्ये झाली. एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी पुलांखाली आणि भिंतींवर एलईडी दिव्यांच्या पाट्या लावल्या होत्या; त्यांवर मधलं बोट दाखवणारा पिक्सेलमधला एक परग्रहवासी. कुणाला त्यात बॉम्ब दिसला, रस्ते बंद झाले, बॉम्बशोधक पथकं आली. तशाच पाट्या आणखी नऊ शहरांत लावलेल्या होत्या आणि तिथे काही घडलं नाही. तरी जाहिरातदार कंपनीला भरपाईपोटी वीस लाख डॉलर द्यावे लागले. लावणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा पाहणाऱ्याला काय वाटलं हे जड ठरलं. चुंबकगोळ्यांच्या प्रकरणात हाच मुद्दा अधिक गंभीर रूपात परत आला.

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं चुंबक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि जपानमधल्या दोन औद्योगिक गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. ते हार्ड डिस्क, हेडफोन आणि मोटरांसाठी होतं. उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये गेलं, किंमत उतरली, आणि 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन तरुणांनी 216 गोळ्यांचा, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहाचा, घनाकृती संच सुमारे तीस डॉलरला विकायला काढला. माळ करा, षटकोन करा, भूमितीच्या आकृत्या रचा. कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. अशा गोळ्यांचे व्हिडिओ आधीच फिरत होते. 2012 च्या मध्यापर्यंत त्यांचे सुमारे वीस लाख संच विकले गेले होते. त्यांच्याशिवाय डझनभर विक्रेते होते ते निराळे.

पहिली ठेच वयाच्या आकड्याने लागली. खेळण्यांच्या मानकाप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटं, गिळण्याजोगं आणि इतकं शक्तिशाली चुंबक चालत नाही. खोक्यावर छापलं होतं ‘13 वर्षांपुढील’. एका वर्षाच्या फरकामुळे मे 2010 मध्ये सुमारे पावणेदोन लाख संच परत बोलावल्याचं जाहीर झालं. त्यानंतर कंपनीने सरळ ‘मुलांपासून दूर ठेवा’ असंच लिहिलं, खोक्यावर ठिकठिकाणी इशारे दिले, आणि खेळण्यांच्या दुकानांना माल देणं थांबवलं. कागदोपत्री गोळ्या खेळणं राहिल्या नाहीत.

पण पोटाला कागद कळत नाही. एक गोळी गिळली तर ती बहुधा बाहेर पडते. दोन गोळ्या मागेपुढे गिळल्या तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांत पोचून एकमेकींना ओढतात. मधली भिंत चिमटली जाते, रक्तपुरवठा तुटतो, भोक पडतं, संसर्ग पसरतो. लक्षणं उलटी आणि पोटदुखीची, म्हणजे साध्या बिघाडासारखीच, त्यामुळे एक्स-रे काढेपर्यंत वेळ गेलेला असतो. लहानग्यांनी जमिनीवर सांडलेल्या गोळ्या तोंडात घातल्या. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांचा वाटाही मोठा होता: जीभ टोचून दागिना घातल्याची नक्कल म्हणून जिभेच्या वर एक, खाली एक, अशी खोटी टिकली लावताना गोळ्या घशात गेल्या. ‘एवढ्या मोठ्या मुलांना वाचता येतं’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. टिकली लावणाऱ्या एखाद्या मुलीने खोकं पाहिलेलंच नसतं; तिला गोळ्या मैत्रिणीने दिलेल्या असतात.

ग्राहक सुरक्षेच्या सरकारी आयोगाने 2009 ते 2011 या काळात चुंबकसंच गिळल्याने तातडीच्या उपचारांसाठी आलेल्यांची संख्या अंदाजे 1,700 धरली. मुलांच्या पोटविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने जोर लावला. जुलै 2012 मध्ये आयोगाने कंपनीविरुद्ध प्रशासकीय तक्रार दाखल केली: इशारे कितीही लिहा, वस्तूच सदोष आहे. अनेक छोट्या विक्रेत्यांनी विक्री थांबवली. न्यूयॉर्कच्या कंपनीने उलट द्व्यर्थी घोषणांची मोहीम चालवली. जाहिरातीत झाडावरून पडणारे नारळ आणि जिने यांवरही बंदी घाला, अशी टिंगल होती. ती चटपटीत होती, पण शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या आईबापांना त्यात काय हसू येणार? वर्षअखेरीस कंपनी विसर्जित झाली.

खरा वादग्रस्त निर्णय त्यानंतरचा. फेब्रुवारी 2013 मध्ये आयोगाने विसर्जित कंपनीच्या प्रमुखालाच वैयक्तिक पक्षकार करण्याची मागणी केली. माल परत घेण्याचा अंदाजे खर्च 5.7 कोटी डॉलर सांगितला जात होता. मर्यादित दायित्वाच्या कंपनीमागचा माणूस, फसवणुकीचा आरोप नसताना, स्वतःच्या खिशातून जबाबदार कसा? उद्योगसंघटना खवळल्या, आणि या मुद्द्यावर त्यांची बाजू जड होती असं म्हणावं लागतं. प्रमुखाने आयोगावर उलट दावा लावला. मे 2014 मध्ये तडजोड झाली: परतफेडीसाठी 3,75,000 डॉलरचा निधी. मागितलेल्या रकमेच्या एक टक्काही नाही. या ओढाताणीत आयोगाने सहानुभूती मात्र बरीच गमावली.

तोवर ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये कायमची बंदी घातली होती, न्यूझीलंडने 2013 मध्ये विक्री रोखली. अमेरिकेत 2014 मध्ये नियम ठरला आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू झाला. गिळण्याजोगं सुटं चुंबक असेल तर त्याचा चुंबकीय निर्देशांक 50 किंवा त्याहून कमी हवा. पृष्ठभागावरच्या किलोगॉसमधल्या तीव्रतेचा वर्ग गुणिले चौरस मिलिमीटरमधलं क्षेत्रफळ, असा हा हिशेब. 50 चा आकडा खेळण्यांच्या मानकातूनच उचललेला. नेहमीची पाच मिलिमीटरची गोळी त्याच्या कित्येक पट वर जाते, तेव्हा नावाला मर्यादा आणि प्रत्यक्षात बंदी.

शेवटपर्यंत लढली ती कोलोरॅडोमधली एक छोटी कंपनी. नोव्हेंबर 2016 मध्ये संघीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी नियम रद्द केला. आयोगाची दुखापतींची आकडेवारी संदिग्ध आहे, 2012 नंतर घटलेल्या घटनांचा हिशेब धरलेला नाही, आणि ग्राहकांना या गोळ्यांचा काय उपयोग होतो हेही नीट तोललेलं नाही, अशी कारणं दिली. (बहुमतातल्या दोघांपैकी एक न्यायाधीश पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले.) कायद्याचा तर्क म्हणून निकाल टिकाऊ असेलही. परिणाम मात्र विषबाधा-सल्ला केंद्रांच्या नोंदींत दिसला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2012 ते 2017 या काळात चुंबकांच्या प्रकरणांची वार्षिक सरासरी आधीच्या काळापेक्षा 33 टक्क्यांनी खाली होती; 2018-19 मध्ये ती 444 टक्क्यांनी वाढली. केंद्रांकडे येणारे फोन म्हणजे सगळ्या दुखापती नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. पण उडी इतकी मोठी आहे की नोंदी वाढल्या म्हणून आकडा वाढला, हे पटणं अवघड.

मधल्या काळात फिजेट स्पिनरचा 2017 चा हंगाम येऊन गेला आणि ‘ताण घालवणारी’ वस्तू हे विक्रीचं नेहमीचं वाक्य बनलं. चुंबकगोळ्याही त्याच लेबलाखाली परतल्या. म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने नवा नियम केला तेव्हा त्यात हे लेबलच पकडलं: करमणूक, दागिना, बौद्धिक चालना किंवा ताण कमी करणं यांसाठी विकलेलं कोणतंही सुटं चुंबक, गिऱ्हाईक कितीही वयाचं असो. मर्यादा तीच, 50. शाळा-महाविद्यालयांना आणि संशोधकांना केवळ शैक्षणिक वा संशोधनाच्या कामासाठी विकलेली चुंबकं वगळली. वय हा निकष यातून गेला, वापर हा निकष आला.

ऑक्टोबर 2022 पासून हा नियम लागू आहे. तरी परदेशी विक्रेत्यांचे संच मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांतून येतच राहिले आणि आयोग एकेका नावाविरुद्ध इशारे काढत राहिला. जुलै 2024 मध्ये आयोगाने, दुसऱ्याच वस्तूंच्या प्रकरणात, अशा सर्वात मोठ्या बाजारपेठेला तिच्या गोदामातून जाणाऱ्या परक्या मालासाठी कायद्याने ‘वितरक’ ठरवलं. 2025 मध्ये बाजारपेठेने त्याला न्यायालयात आव्हान दिलं.