बिट-त्रुटी व फ्रेम-त्रुटी मापन

मोबाइलपर्यंत पोहोचलेल्या संकेतातले किती बिट चुकले आणि त्यापायी आवाजाच्या किती फ्रेम, म्हणजे छोटे तुकडे, टाकून द्याव्या लागल्या, याचे मोजमाप. पहिल्याला बिट एरर रेट किंवा बीईआर म्हणतात, दुसऱ्याला फ्रेम एरर रेट किंवा एफईआर. ‘रेंज फुल आहे, पण आवाज तुटतोय’ ही तक्रार या आकड्यांवाचून उलगडत नाही. पडद्यावरच्या काड्या संकेताचा जोर दाखवतात; तो किती स्वच्छ आहे ते दाखवत नाहीत.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर चढले की हा फरक समजायला सोपा जातो. खाली सगळे शहर उघडे पडलेले, मध्ये अडसर नाही, काड्या भरलेल्या. पण उंचावरच्या फोनला जवळच्या टॉवरबरोबर दूरदूरचे टॉवरही ‘ऐकू’ येतात, आणि जीएसएममध्ये, म्हणजे टूजी मोबाइलच्या पद्धतीत, एकच वारंवारता काही अंतरावर पुन्हा वापरलेली असते. ते संकेत एकमेकांत मिसळले, तर जोर तसाच राहून बिट मात्र चुकत जातात. बामणोली-तापोळ्याकडे कारण वेगळे असू शकते. शिवसागर जलाशयापलीकडच्या डोंगरावर आपटून तोच संकेत दुसऱ्यांदा, उशिरा येतो. जीएसएम फोनमधला इक्वलायझर, म्हणजे असे पडसाद जुळवून घेणारा भाग, साधारण १६ मायक्रोसेकंदांचा उशीर सावरून घेतो, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरचा जादा फेरा. त्यापुढचा पडसाद मूळ संकेतालाच नडतो. कासला फुलांच्या हंगामात रविवारी फोन लागत नाही, ती गोष्ट निराळी; तिथे दोष बहुधा गर्दीचा असतो, बिटांचा नव्हे.

टॉवरने नेमके काय पाठवले हे फोनला ठाऊक नसते. मग चूक मोजायची कशी? यावरची युक्ती मोठी देखणी आहे. आलेले बिट दुरुस्त करून मूळ माहिती काढायची, तिच्यावर टॉवरसारखेच संकेतन, म्हणजे चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जोडलेले जादा बिट, पुन्हा चढवायचे आणि प्रत्यक्ष आलेल्या बिटांशी ताडून पाहायचे. न जुळलेले बिट म्हणजे चुका. उत्तरपत्रिकेवरूनच उत्तरसूची तयार करण्याचा हा प्रकार असल्याने, संकेत फारच बिघडला की अंदाजही फसतो. जीएसएममध्ये या चुकांची सरासरी ४८० मिलिसेकंदांची असते आणि ती ० ते ७ अशा ‘आरएक्सक्वाल’ श्रेणीत कळवली जाते. ० म्हणजे ०.२ टक्क्यांहून कमी चुका. पुढे दर पायरीला मर्यादा दुप्पट होत ७ म्हणजे १२.८ टक्क्यांहून जास्त.

कानाला जवळचे माप मात्र एफईआरच. आवाजाचे बिट करण्याच्या जीएसएमच्या मूळ फुल-रेट पद्धतीत २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे २६० बिट होतात, संरक्षण चढवल्यावर ४५६. त्यांतल्या सर्वांत मोलाच्या ५० बिटांवर तपासणीच्या ३ बिटांचा पहारा असतो. हिशेब जुळला नाही की ती फ्रेम बाद होते. एखादी गेली तर आधीचीच पुन्हा वाजवून वेळ मारून नेली जाते. ओळीने जात राहिल्या, तर आवाज विरत जाऊन ३२० मिलिसेकंदांत पूर्ण थांबतो. पहारा तीनच बिटांचा असल्यामुळे निव्वळ कचरा झालेली फ्रेमही आठात एकदा निसटू शकते, तेव्हा कानात खरखर येते.

चुका विखुरलेल्या असल्या, तर दुरुस्ती त्यांना पुरून उरते. एकाच जागी साचल्या, तर फ्रेम जाते. म्हणून वारंवारता सतत बदलून चुका विखुरणाऱ्या, म्हणजे हॉपिंगच्या जाळ्यात आरएक्सक्वाल ५ दिसत असतानाही बोलणे नीट ऐकू येते. खंबाटकी घाटातून फोन, लॅपटॉप आणि जीपीएस घेऊन केलेल्या ड्राइव्ह टेस्टचा, म्हणजे गाडीतून फिरत केलेल्या मोजणीचा, नकाशा केवळ आरएक्सक्वालवर रंगवला, तर तो घाटाला उगाच बदनाम करील.

थ्रीजीपासून फ्रेमऐवजी ब्लॉक, म्हणजे माहितीचे गठ्ठे, मोजतात. फोरजीत तर फोन वेगाची शिफारसच अशी करतो की पहिल्या प्रयत्नात १० टक्क्यांपर्यंत ब्लॉक चुकले तरी चालतील. चुकलेला ब्लॉक सुमारे ८ मिलिसेकंदांनी पुन्हा मागवता येतो. टूजीच्या आकड्यांवर डोळा बसलेल्याला तो १० टक्के भयंकर वाटतो, पण तेवढी चूक जाळ्याने वेगाच्या बदल्यात जाणूनबुजून पत्करलेली असते.