जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा

पेट्रोलचा काटा बंद पडला की सगळा राग डॅशबोर्डवरच्या मीटरवर निघतो. बिचारा मीटर बऱ्याचदा धडधाकट असतो. दोष कुठे शोधायचा, हे गाडी कुठल्या काळातली आहे त्यावर ठरतं.

आधी काटाच नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असे. सीट उचलायची, लाकडी पट्टी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं. फोक्सवॅगन बीटलने तर १९६१ पर्यंत काट्याशिवाय निभावलं. गाडी आचके द्यायला लागली की पायाशी असलेला कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. बजाज चेतक चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मॉडेल ए मध्ये (१९२७) फोर्डने टाकी डॅशबोर्डच्या पुढ्यातच आणली आणि मीटर टाकीच्या अंगात बसवला. तारा नाहीत, वीज नाही. बुचाचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, वरखाली होईल तसे आकडे काचेमागे सरकतात. या मीटरची दोन दुखणी. पॅकिंग गेलं की पेट्रोल डॅशबोर्डवर पाझरतं. दुसरं दुखणं बुचाचं. त्या काळी अशा बुचांवर लाखेचा लेप देत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २० टक्के इथेनॉलच्या आजच्या पेट्रोलमध्ये तो टिकणं कठीण. मग बूच पेट्रोल पितं, जड होऊन तळाला जातं आणि भरलेली टाकी रिकामी दिसते. म्हणून आता फोमचा किंवा पोकळ पितळी फ्लोट बसवतात. जुना पितळी फ्लोट असेल तर कानाशी धरून हलवावा. आत खळखळ झाली तर डाग दिलेला जोड फुटला आहे.

टाकी मागे गेल्यावर वीज आली. टाकीत फ्लोटला जोडलेला रेझिस्टन्स म्हणजे सेंडर, आणि तिथून पुढे मीटरपर्यंत एक वायर. ब्रिटिश गाड्यांतल्या स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मीटरमध्ये दोन कॉइल असत. बॅटरीचा दाब (व्होल्टेज) बदलला तरी आकडा फारसा हलत नसे, पण वळणावर पेट्रोल डुचमळलं की काटा नाचायचा.

हा नाच थांबवायला १९६४ च्या सुमारास एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाड्यांत द्विधातू पट्टीचे मीटर आले. दोन धातू जोडलेली ही पट्टी विजेने तापली की वाकते. पट्टी सावकाश तापते, काटा सावकाश चढतो. मात्र तिला दाब स्थिर लागतो, म्हणून १० व्होल्टचा स्टॅबिलायझर जोडला गेला. आणि इथेच मेकॅनिक फसतात. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर मीटरला हात लावू नये. स्टॅबिलायझरचं अर्थिंग गंजलेलं असतं आणि बॅटरीचा पूर्ण दाब मीटरवर जात असतो. स्क्रू सोडवून, घासून पुन्हा आवळला की बहुतेक वेळा काम होतं. नवा मीटर घेतलेल्याचे पैसे अशा वेळी पाण्यात.

बदलायचाच झाला तर मीटर आणि सेंडर एकमेकांचे हवेत. फोर्डचा सेंडर टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरल्यावर १० दाखवतो. १९६५ नंतरच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत उलटं: रिकामीला शून्य, भरलेलीला ९०. यांची अदलाबदल झाली की टाकी संपत जाईल तसा काटा ‘फुल’कडे चढतो. नवा सेंडर मागवण्याआधी जुना मल्टिमीटरवर मोजून घ्यावा, फ्लोट एकदा तळाशी आणि एकदा वर धरून.