१३४ पराभवांचा हिशेब

२७ सप्टेंबर २०२४ च्या रात्री शिकागो व्हाइट सॉक्स हा अमेरिकेतला बेसबॉल संघ डेट्रॉइटमध्ये हरला. हंगामातला तो १२१ वा पराभव. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मोडला, पण बातम्यांमध्ये या विक्रमामागे ‘आधुनिक’ हे विशेषण न चुकता लावलेलं होतं. ते लावणं भागच असतं, कारण १८९९ साली क्लीव्हलँड स्पायडर्स नावाचा संघ १५४ पैकी १३४ सामने हरला होता. जिंकले फक्त २०.

बेसबॉलमध्ये तळाचा संघसुद्धा तीन-चार सामन्यांत एखादा जिंकून जातो. व्हाइट सॉक्सही साधारण त्याच चालीने हरले. स्पायडर्सना मात्र आठांत एक जिंकणंही जेमतेम जमलं. इतकं हरायला खेळाडू वाईट असून भागत नाही, मालकही तसा लागतो.

गंमत म्हणजे हा संघ मुळात चांगला होता. १८९५ मध्ये त्याने बाल्टिमोरला हरवून टेंपल कप, म्हणजे लीगमधल्या पहिल्या दोन संघांतली मालिका, जिंकला होता आणि साय यंगसारखा पिचर (चेंडू फेकणारा) त्याच्याकडे होता. अडचण होती ती गल्ल्याची. मालक फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ, धंदा ट्रामचा. मैदानही त्यांनी आपल्याच ट्रामच्या वाटेवर बांधलेलं. पण कामगारांना सुटी मिळायची ती रविवारी आणि क्लीव्हलँडमध्ये रविवारच्या खेळाला विरोध. संघ जिंकत असूनही बाकडी रिकामीच.

१८९९ च्या सुरुवातीला सेंट लुईसचा कर्जबाजारी संघ लिलावात निघाला आणि रॉबिसन बंधूंच्या हाती आला. शहर मोठं, रविवारी खेळायला मोकळीक. एका मालकाचे एकाच लीगमध्ये दोन संघ असू नयेत असा नियम तेव्हा नव्हता. ब्रुकलिन आणि बाल्टिमोरच्या मालकांनीही त्याच वर्षी असंच साटंलोटं केलं होतं. रॉबिसन बंधूंनी साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस अशी सगळी बिनीची मंडळी सेंट लुईसला हलवली आणि क्लीव्हलँडच्या पदरात उरलंसुरलं टाकलं. पहिल्याच सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. सेंट लुईसकडून साय यंगनेच पिचिंग केलं आणि आपल्या जुन्या संघाला १०-१ असं लोळवलं.

क्लीव्हलँडकर काय समजायचं ते समजले आणि मैदानाकडे फिरकेनासे झाले. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ प्रेक्षक, म्हणजे सामन्याला दीडशेही नाहीत. पाहुण्या संघाला गल्ल्यातला वाटा मिळायचा, पण त्यातून हॉटेलचं बिलही निघेना, तेव्हा बाकीचे संघ तिकडे जायलाच कुरकुरू लागले. शेवटी स्पायडर्सनीच गावोगाव फिरावं असं ठरलं. बाहेर ११२ सामने, त्यांतले १०१ पराभव. हा विक्रम कोणी मोडूच शकत नाही, कारण आज संघ बाहेर ८१ सामनेच खेळतो.

मधल्या काळात मॅनेजर लेव्ह क्रॉसलाही सेंट लुईसला बोलावून घेतलं. पुढे सलग २४ पराभव झाले. शेवटच्या ४१ सामन्यांतले ४० गेले. हंगामाचा शेवटचा सामना सिनसिनाटीत होता. पिचिंगला उभा राहिला एडी कोल्ब, संघ उतरला होता त्या हॉटेलातल्या सिगारच्या दुकानातला पोऱ्या. १९-३ हरले. मला तरी यात विनोदापेक्षा दमणूक जास्त दिसते. या माणसांनी महिनोन्महिने रेल्वेच्या डब्यात काढले होते.

एवढं करून रॉबिसन बंधूंना काय मिळालं? सेंट लुईसचा पाचवा नंबर.

हंगाम संपल्यावर नॅशनल लीगने, म्हणजे हे सगळे ज्या लीगमध्ये खेळत तिने, बारातले चार संघ कमी केले, त्यात क्लीव्हलँड होतंच. ती मोकळी जागा बॅन जॉन्सनच्या अमेरिकन लीगने हेरली. १९०१ मध्ये तिने स्वतःला बरोबरीची लीग म्हणून जाहीर केलं तेव्हा क्लीव्हलँडचा नवा संघ तिच्यात होता. आजचे गार्डियन्स ते हेच. एका मालकाला एकच संघ, हा नियम यायला मात्र १९१० उजाडलं.

त्याच्या आदल्या वर्षी साय यंग क्लीव्हलँडला परतला होता. वय ४२, मैदान तेच ट्रामच्या वाटेवरचं. त्या हंगामात त्याने १९ सामने जिंकले, स्पायडर्सनी अख्ख्या १८९९ मध्ये जिंकले त्याहून एकच कमी.