एक्सटी९० आणि एक्सटी९०-एस: हिरवी रिंग कुठे हवी, कुठे नको

घरी बांधलेल्या ई-बाइकच्या बॅटरीला कुठला कनेक्टर लावायचा, असं कुणालाही विचारा, बहुतेक वेळा ‘एक्सटी९० लाव’ एवढंच उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. पिवळं अंग तेच, माप तेच आणि एकमेकांत बिनबोभाट बसणारे, असे दोन कनेक्टर दुकानात शेजारीशेजारी मिळतात. एक साधा एक्सटी९० आणि दुसरा एक्सटी९०-एस, ज्याच्या तोंडाशी हिरवं प्लास्टिक दिसतं. दोघांत फरक आहे तो एका बारक्या रेझिस्टरचा. तो योग्य जागी बसला तर कनेक्टरचं आयुष्य वाढतं. भलत्या जागी बसला तर पैसे वाया जातात आणि वर खोटा भरवसा मिळतो.

करंटच्या बाबतीत दोघांत डावंउजवं काही नाही. दोघांच्या पिना ४.५ मिमीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. सततचा करंट ४० अँपिअरच्या आसपास धरावा. नावातला ९० हा आकडा काही क्षणांच्या कमाल करंटचा आहे, रोज चढावर ओढायचा नव्हे. ४८ व्होल्ट, २५ अँपिअरच्या कंट्रोलरला (बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा ते ठरवणाऱ्या डबीला) दोन्ही पुरून उरतात. २५० वॉटचं ३६ व्होल्टचं किट असेल तर कंट्रोलर साधारण १५ अँपिअरवर थांबतो आणि तिथे ३.५ मिमी पिनांचा एक्सटी६० सुद्धा निवांत चालतो. तरीही अशा लहान किटला एक्सटी९०-एस लावलेला दिसतो, त्याचं कारण बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी.

ठिणगी येते कुठून?

कंट्रोलरच्या आत, बॅटरीच्या दोन वायरींमध्ये मोठे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात. ते रिकामे असताना भरलेली बॅटरी जोडली की पहिल्या क्षणी ते जवळपास डेड शॉर्टसारखे वागतात. १३ सेल सिरीजचा ४८ व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज असताना ५४.६ व्होल्ट देतो. वायर, सेल आणि कॅपॅसिटर यांचा मिळून रोध ०.०५ ओहम धरला तरी क्षणिक करंट हजार अँपिअरच्या घरात जातो. कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचे असतील तर त्यात साठणारी ऊर्जा जेमतेम दीड जूल. ऐकायला किरकोळ वाटते, पण पिनेचं टोक आणि सॉकेटची कड जिथे पहिल्यांदा टेकतात त्या टाचणीएवढ्या जागेवर बरीचशी तापते. तिथलं सोनं उडतं, खालचं पितळ वितळतं आणि काळा खड्डा पडतो.

हा खड्डा पडतो पिनेच्या टोकाला, आणि कनेक्टर पूर्ण बसल्यावर करंट जातो तो पिनेच्या अंगातून. त्यामुळे पहिल्या काही ठिणग्यांनी काही बिघडल्यासारखं वाटतच नाही. खरं नुकसान पुढे सुरू होतं. खड्ड्याच्या कडेला उभी राहिलेली खरखरीत कड दर वेळी आत-बाहेर होताना सॉकेटचा मुलामा खरवडून काढते. चांगल्या जोडाचा रोध अर्धा मिलिओहम असेल तर २५ अँपिअरला तिथे ०.३ वॉट उष्णता होते. तोच रोध ५ मिलिओहम झाला की ३ वॉटच्या पुढे जाते, तीही नायलॉनच्या बंद डबीत. मग प्लास्टिक मऊ पडतं, पिना हलतात, जोड सैल होतो, रोध आणखी वाढतो.

एस नेमकं काय करतो

एक्सटी९०-एसच्या फिमेल, म्हणजे सॉकेटच्या, भागात प्लसच्या सॉकेटला दोन टप्पे असतात. पीन आत शिरताना आधी ५.६ ओहमच्या रेझिस्टरमार्फत जोड होतो आणि पूर्ण आत गेल्यावर थेट. ५४.६ भागिले ५.६, म्हणजे सुरुवातीचा करंट दहा अँपिअरच्या आत. वरच्याच १००० मायक्रोफॅरडला भरायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. हात शांतपणे ढकलत असेल तर तेवढा वेळ आपोआप मिळतो. कनेक्टर एका झटक्यात आपटून बसवला तर मात्र मिळेलच असं नाही.

रेझिस्टर फक्त फिमेलमध्ये असतो. घोळ होतो तो इथेच. मेल, म्हणजे पिनांचा, भाग साध्या एक्सटी९०च्या फिमेलमध्येही आरामात बसतो, आणि तसा बसवला की एसचा उपयोग शून्य. दुसरी बॅटरी बांधताना हाताशी होता म्हणून साधा फिमेल लावला, तर कंट्रोलरकडचा मेल जोडीत आलेला असला तरी ठिणगी येणारच. बॅटरीला फिमेलच लावावा, कारण त्याचे धातूचे भाग प्लास्टिकच्या आत दडलेले असतात. मेलच्या पोकळ तोंडात पिना उघड्या असतात. पाना, किल्ली किंवा वायरचा तुकडा त्या दोघींना एकदम टेकला की शॉर्ट.

हिरव्या रंगावर विसंबू नका, नकली माल भरपूर येतो. हे कनेक्टर बनवणाऱ्या अमास कंपनीच्या अस्सल मालावर नाव उठावात असतं, पण शेवटी भरवसा मल्टीमीटरचाच. कनेक्टर कशालाही जोडलेला नसताना दोन्ही भागांच्या प्लस कपांना (वायर सोल्डर करायच्या वाट्यांना) प्रोब लावा आणि मेल हळूहळू आत सरकवा. आधी काहीच नाही, मग ५ ते ६ ओहम, शेवटी शून्याच्या जवळ: एस शाबूत. मधला टप्पा आलाच नाही तर तो साधा आहे, नाहीतर आतला रेझिस्टर जळालेला आहे.

ठिणगीवरून परीक्षा करायची तर एक खबरदारी घ्या. बॅटरी काढून लगेच परत जोडली की साधा एक्सटी९० सुद्धा गुपचूप बसतो, कारण कॅपॅसिटर अजून भरलेलेच असतात. बॅटरी काढल्यावर डिस्प्लेचं बटण दाबून ते रिकामे करा, मीटरवर कंट्रोलरकडचा व्होल्टेज शून्याजवळ आलेला बघा, मग जोडा.

एस कुठे उपयोगाचा नाही

बीएमएसला (सेलचं रक्षण करणाऱ्या, पॅकमधल्या सर्किटला) चालू-बंदचं बटण असेल आणि कनेक्टर जोडल्यावर ते दाबत असाल, तर ठिणगीचा प्रश्न कनेक्टरपाशी राहतच नाही. सगळा झटका बीएमएसच्या मॉसफेटवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, जातो. तेव्हा कनेक्टर आधीच पूर्ण बसलेला असल्यामुळे एसचा रेझिस्टर वाटेतून बाहेर पडलेला असतो. बटण दाबलं की बीएमएस ट्रिप होते आणि गाडी चालूच होत नाही, ही तक्रार बरेचदा यामुळेच असते. अशा वेळी हवं ते बीएमएसच्या पुढे वेगळं प्रीचार्ज सर्किट, म्हणजे कॅपॅसिटर आधी हळूहळू भरून घेणारं. कनेक्टर साधा असला तरी चालेल.

दोन पॅक समांतर जोडायलाही एस वापरू नका. दोघांत ४ व्होल्टचा फरक असेल तर अर्धवट आत असताना ०.७ अँपिअर वाहतो. तो इतका कमी, की व्होल्टेज समान व्हायला तास लागतील, आणि तेवढा वेळ पावणेतीन वॉट सोसायला तो बारका रेझिस्टर बनलेला नाही. पूर्ण ढकललं की थेट जोड, आणि वीस-तीस अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात. आधी चार्जरने दोन्ही पॅक ०.२ व्होल्टच्या आत आणा, मगच जोडा. तिथे साधा एक्सटी९० पुरतो.

चार्जिंगची वाट ही तर दोघांचीही जागा नव्हे. करंट २ ते ५ अँपिअर, त्यामुळे लहान आणि मुद्दाम वेगळ्या आकाराचा कनेक्टर घ्यावा, म्हणजे चार्जर घाईत चुकून डिस्चार्जच्या वायरीला लागणार नाही.

आणि काढताना एसची कसलीही मदत होत नाही. थ्रॉटल दाबलेला असताना कनेक्टर ओढला की डीसीचा आर्क, म्हणजे टिकून राहणारी ठिणगी, येतो, साध्यात आणि एसमध्ये सारखाच. अर्धवट बसलेला एस आणि वर थ्रॉटल, ही सर्वांत वाईट जोडी: रेझिस्टर त्याच क्षणी जळतो. गाडी पुढे नेहमीसारखी पळते, फक्त ठिणगी परत येते आणि तीही रेझिस्टर गेल्याचं कुणाच्या लक्षात न येता. म्हणून चाक थांबलेलं, गाडी बंद, मग कनेक्टरचं अंग धरून सरळ ओढायचं. वायर धरून नाही.

सोल्डरिंग

दोघांनाही सारखाच त्रास होतो तो उष्णतेचा. २५ वॉटची आयर्न पुरत नाही. कप तापायला वेळ लागतो आणि तोवर नायलॉन वितळतं. ६० ते ८० वॉट, रुंद छिन्नीसारखी टीप, ६३/३७ची (कथील-शिशाची) सोल्डर तार आणि रोझिन फ्लक्स घ्या. पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स नको, तो आतून वायर खातो. सोल्डर करताना समोर जुना जोडीचा कनेक्टर खोचून ठेवा, म्हणजे पिना तिरक्या होत नाहीत आणि उष्णताही वाटली जाते. एसच्या बाबतीत हे जास्तच पाळायला हवं, कारण प्लसच्या कपापासून रेझिस्टर फार दूर नसतो. कप आणि वायर दोन्हीला आधी सोल्डर लावून घ्या, मग तीन-चार सेकंदांत जोड उरका. एक बाजू पूर्ण थंड झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. पॅककडची वायर जिवंत असते, तेव्हा एका वेळी एकच वायर उघडी, दुसरीच्या टोकाला टेप. कनेक्टरवर उठावात असलेली प्लस-मायनसची खूण सोल्डर करण्याआधी बघा, नंतर नाही.

वायर १० गेजची सिलिकॉन, म्हणजे सव्वापाच स्क्वेअर एमएमची. घराच्या वायरिंगची ६ स्क्वेअर एमएमची वायर करंट वाहील, पण तिच्या तारा जाड आणि कमी असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर सोल्डर जिथे संपतं तिथेच ती तुटते. कपापासून ३ सेंटीमीटरवर वायर फ्रेमला बांधली की हा ताण जोडापर्यंत पोचत नाही. मागच्या बाजूला हीट श्रिंक लावा किंवा नावात एच असलेला, मागे टोपी येणारा प्रकार घ्या.

पाणी दोघांनाही वर्ज्य आहे. पावसाळ्यात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर बाराही महिने, तोंड खाली करून आणि वायरीला खाली झोळ देऊन बसवा, म्हणजे पाणी वायरीवरून उतरून झोळातूनच गळून जाईल. अंगावरच्या सांध्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे.

जोड अजून चांगला आहे का, हे मिलिव्होल्टमध्ये कळतं. ठरावीक ५ अँपिअरचा लोड लावा आणि एकाच पिनेच्या दोन्ही बाजूंच्या सोल्डरवर प्रोब ठेवा. २ ते ३ मिलिव्होल्ट म्हणजे उत्तम, २५च्या आसपास म्हणजे रोध ५ मिलिओहम, बदला. एवढं सामान नसेल तर लांब चढ चढून हात लावून बघा. कोमट चालेल, धरवत नसेल तर नाही. सैल पिनेच्या खाचा पातळ पात्याने किंचित फाकवून एकदा घट्ट करता येतात, दुसऱ्यांदा सैल झाल्या तर कनेक्टर टाकून द्यायचा, आणि दोन्ही बाजू एकदम बदलायच्या. खरखरीत झालेली जुनी पीन नव्या सॉकेटचा मुलामा चार दिवसांत खरवडून काढते.