एअर पिस्तुलापासून पॉइंट टू टूपर्यंत: नेमबाजांसाठी कागदपत्रं, पात्रता आणि परवाना

घरात कुणी दहा मीटर एअर पिस्तूल सुरू केलं की पहिला प्रश्न परवान्याचा येतो, आणि रेंजवरच्या पाच जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतात. खरं उत्तर एका ओळीचं आहे: स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पॉइंट टू टूला, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या पिस्तुलाला, लागतो. घोळ होतो तो मधल्या टप्प्यात. परवाना मागणाऱ्याने आपण खेळाडू आहोत हे कागदावर दाखवायचं असतं आणि तो कागद स्कोअरमधूनच तयार होतो. म्हणून आधी स्पर्धा, मग अर्ज. हा क्रम उलटा करून ‘आधी शस्त्र घेऊ, मग खेळू’ म्हणणाऱ्यांना माझा सल्ला एकच, थोडं थांबा.

एअर पिस्तूल घेताना

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं), म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच, आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेचं हवेवर चालणारं शस्त्र परवान्यातून मुक्त आहे. स्पर्धेची एअर पिस्तुलं त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाहीत, त्यामुळे काळजी नको. मात्र परवाना नाही म्हणजे कागदच नाही, असं नव्हे. दुकानदार ओळखपत्राची प्रत आणि फोटो घेतो, ते द्या. बिलावर पिस्तुलाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो पिस्तुलावरच्या नंबराशी तिथेच पडताळा. जुनं पिस्तूल दुसऱ्या खेळाडूकडून घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, नंबरासकट विक्रीची पावती करून दोघांच्या सह्या घ्या. पुढे विमानतळावर किंवा नाक्यावर कुणी अडवलं तर तुमच्या बाजूने बोलणारा हाच कागद असतो.

जुन्या पिस्तुलात आणखी एक गोष्ट बघायची, सिलिंडरवरची तारीख. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य उत्पादक साधारण दहा वर्षांचं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला नवीन सिलिंडर घ्यावं लागलं की ते फारसं स्वस्त उरत नाही.

संघटना आणि सभासदत्व

देशातली नेमबाजीची शिखर संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. १९५१ साली ती स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष होते. ‘मावळणकर’ ही स्पर्धा खेळणाऱ्या कित्येक मुलांना हे मावळणकर कोण ते माहीत नसतं, म्हणून सांगितलं. आपल्याकडे तिच्याखाली महाराष्ट्र रायफल असोसिएशन येते आणि त्याखाली जिल्हा संघटना व संलग्न क्लब. गल्लीतल्या अकादमीत उत्तम प्रशिक्षण मिळू शकतं, पण राज्य स्पर्धेची प्रवेशिका संलग्न संस्थेमार्फतच जाते. फी भरण्याआधी ‘तुम्ही कुणाशी संलग्न आहात?’ असं स्पष्ट विचारा.

सभासदत्वाला सर्वसाधारणपणे आधार कार्ड, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांचं संमतिपत्र. पोलिसांच्या दाखल्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा त्याचा अर्ज पहिल्यांदा करा. त्यानंतर राष्ट्रीय संघटनेकडे नोंदणी होऊन शूटर आयडी मिळतो. पुढची प्रत्येक प्रवेशिका, प्रत्येक प्रमाणपत्र आणि प्रत्येक शिफारस या क्रमांकावर चढते.

इथे नावाकडे लक्ष द्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी, पासपोर्टवर दोन भागांत. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी गाळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. शूटर आयडीवर जे नाव जाईल तेच पुढे परवान्याच्या अर्जावर, शिफारसपत्रावर आणि आयातीच्या कागदांवर यायला हवं. नाव दुरुस्त करायचं असेल तर ते आत्ता करा. पदक मिळाल्यावर त्याच्या प्रमाणपत्रावरचं नाव बदलून घेणं फार कटकटीचं असतं. जन्मतारखेचंही तसंच: ज्युनिअर गट ३१ डिसेंबरला वय किती यावर ठरतो, आणि एका वर्षाची चूकसुद्धा गट बदलते.

स्कोअरची शिडी आणि साहित्य तपासणी

जिल्हा, मग राज्य (कॅप्टन एस. जे. इझिकेल स्मृती स्पर्धा), मग विभागीय किंवा मावळणकर, आणि मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला किमान पात्रता गुण असतात. ते त्या वर्षीच्या परिपत्रकात छापलेले असतात आणि बदलतात, त्यामुळे सीनिअरने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि अधिकृत निकालपत्रकाची प्रत, दोन्ही ठेवा. नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर गुण नसतात आणि परवाना शाखेला गुण बघायचे असतात.

साहित्य तपासणीत मुलं घाबरतात ती ट्रिगरच्या चाचणीला. एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा. तपासनीस पिस्तूल हवा भरून कॉक करायला लावतो, नळी आकाशाकडे ठेवून ट्रिगरला वजन अडकवतो आणि पिस्तूल सावकाश वर उचलतो. वजन टेबलावरून सुटलं आणि ट्रिगर पडला नाही, की झालं. तीन प्रयत्न मिळतात. ट्रिगर नेमका ५०० वर लावून आणू नका, वीसेक ग्रॅम वर ठेवा. सरावात तो फरक बोटाला कळतही नाही. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारं हवं. ग्रिपला पुटी लावून ती जाड करणारे बहुधा ५० मिलिमीटरला अडकतात. पंचवीस मीटरला ट्रिगर १००० ग्रॅमचा आणि पिस्तूल १४०० ग्रॅमच्या आत. बूट घोट्याचं हाड न झाकणारे, आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) कायम. फ्लॅग विसरणाऱ्याला कुठलीही ज्युरी ऐकून घेत नाही आणि ते योग्यच आहे.

पॉइंट टू टूचा परवाना

पंचवीस मीटर म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव निघतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि त्यानंतर रेंजवर ‘मलाही पंचवीस खेळायचंय’ म्हणणाऱ्या मुली वाढल्या. मग लागतो परवाना.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्यासाठी वयाची सर्वसाधारण अट २१ वर्षांची आहे. त्याहून लहान खेळाडूंना सरावासाठी प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली शस्त्र वापरायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. व्यवहारात ही मुलं क्लबच्या पिस्तुलावर रेंजमध्येच सराव करतात. पिस्तूल घरी नेणं, मित्राच्या गाडीत ठेवणं, ‘फक्त दाखवायला’ बाहेर काढणं यातलं काहीही त्या मुभेत बसत नाही.

अर्ज कुठे करायचा ते पत्त्यावर ठरतं. मुंबई, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त, आणि कोल्हापूर, साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा (नमुना ए-१), त्याची प्रिंट काढून कागदपत्रांसह परवाना शाखेत द्यायची. कारणाच्या रकान्यात ‘खेळ’ हेच लिहा. ‘स्वसंरक्षण आणि खेळ’ अशी जोडी लिहिली की तपासाची दिशाच बदलते, मग धमकी कुणाची, तक्रार केली होती का, हे प्रश्न सुरू होतात.

सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, विहित नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र (मानसिक व शारीरिक स्वास्थ्य चांगलं आहे आणि कुठलंही व्यसन नाही असा स्पष्ट उल्लेख असलेलं), शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि खेळाडूंच्या बाबतीत सगळ्यात वजनदार असं राज्य किंवा राष्ट्रीय संघटनेचं शिफारसपत्र. या पत्रात इव्हेंट, कॅलिबर, स्पर्धांची नावं, वर्षं आणि गुण हे सगळं यायला हवं. ‘सदर खेळाडू होतकरू असून’ एवढ्याच मजकुराचं पत्र परत करून नीट लिहून घ्या. कॅलिबरमध्ये गफलत नको: पंचवीस मीटरला पॉइंट टू टू, सेंटर फायरला आपल्याकडे पॉइंट थर्टी टू. नऊ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे, परदेशी व्हिडिओ बघून तो अर्जात लिहू नका.

मग पोलीस ठाण्याची चौकशी. गुन्हे नोंद नाही ना, घरी कोण कोण राहतं, शेजाऱ्यांचं मत, आणि शस्त्र ठेवणार कुठे. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली तिजोरी आधीच बसवून ठेवली असेल तर हा भाग पाच मिनिटांत उरकतो. कपड्यांच्या कपाटाचा लॉकर दाखवू नका. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ६० दिवसांत प्राधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शस्त्रं किती आणि आणायची कुठून

२०१९ च्या दुरुस्तीने सामान्य नागरिकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा रेंजवर बरीच धास्ती पसरली होती. खेळाडूंसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये वेगळी अधिसूचना काढली. ज्युनिअर टार्गेट शूटर आणि अ‍ॅस्पायरिंग शूटर या नियमांतल्या खालच्या दर्जांच्या खेळाडूंना, ज्या प्रकारात पात्र ठरलेत त्यातली, २ शस्त्रं (आधी १ होतं). रिनाउन्ड शॉटला एका इव्हेंटसाठी ८, दोन इव्हेंटसाठी १० आणि त्याहून जास्त इव्हेंटसाठी १२. काडतुसांची मर्यादाही तेव्हा वाढली. रिनाउन्ड शॉट हा दर्जा राष्ट्रीय स्पर्धेतल्या गुणांवर राष्ट्रीय संघटनेकडून मिळतो.

स्पर्धेची पॉइंट टू टू पिस्तुलं, म्हणजे पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी वगैरे, सगळी परदेशी. ती आणायचा राजमार्ग म्हणजे रिनाउन्ड शॉटने संघटनेच्या शिफारशीने आयातीची परवानगी घेऊन सीमाशुल्काच्या सवलतीत मागवणं. सवलतीत आणलेलं शस्त्र मनाला येईल तेव्हा, येईल त्याला विकता येत नाही, परवानगीच्या पत्रातल्या अटी खरेदीआधी वाचा. दुसरा मार्ग परवानाधारक खेळाडूकडून जुनं घेण्याचा, तोही दोघांच्या परवान्यांवर रीतसर नोंद करूनच. परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका. खरेदीनंतर शस्त्र परवाना शाखेत दाखवून नंबराची नोंद करून घ्यायची.

प्रवास, निवडणुका, नूतनीकरण

राज्याबाहेरच्या स्पर्धा खेळायच्या तर परवान्याची हद्द ‘संपूर्ण भारत’ हवी. ती मिळू शकणाऱ्या मोजक्या गटांत खेळाडू येतात, पण मागावी लागते, आपोआप कुणी लिहून देत नाही. पहिल्याच अर्जात लिहा. विमानात पिस्तूल चेक-इन सामानातच, कुलूपबंद पेटीत आणि काउंटरवर जाहीर करून. काडतुसं एका प्रवाशाला ५ किलोपर्यंत. एअर पिस्तुलाचं सिलिंडर सोडवून पूर्ण रिकामं करायचं. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा आणि विमानतळावर नेहमीपेक्षा दीड-दोन तास आधी पोचा. परवाना किंवा बिल, शूटर आयडी आणि स्पर्धेचं परिपत्रक वेगळ्या फोल्डरमध्ये हातात ठेवा, पेटीत नव्हे.

पिस्तूल दुरुस्तीला पाठवायचं असेल आणि तुम्ही स्वतः जाऊ शकत नसाल, तर दुसरी व्यक्ती ते तुमच्या लेखी अधिकारपत्रावर नेऊ शकते. सरावासाठी मित्राला उसनं देणं मात्र त्यात येत नाही.

निवडणुका लागल्या की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. या आदेशांत राष्ट्रीय संघटनेच्या सभासद खेळाडूंना बहुधा सूट असते, पण ठाण्यातून फोन येतोच. वाद घालू नका. स्पर्धेचं वेळापत्रक आणि शूटर आयडी जोडून सूट मिळण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

परवान्याची मुदत आता पाच वर्षं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी टाका आणि मधल्या काळातली स्पर्धांची निकालपत्रकं जोडा, कारण अजून खेळताय का हा प्रश्न विचारला जातोच. अर्ज नाकारला तर कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवायची असतात, त्या आदेशाची प्रत मागून घ्या. अपील ३० दिवसांत: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे कोल्हापूरकरांना पुण्याला, आणि पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. नाकारण्याचं कारण ‘आवश्यकता दिसून येत नाही’ असं असेल तर अपिलात नवं काही लिहीत बसू नका, ताज्या निकालांसह संघटनेचं नवीन शिफारसपत्र जोडा.