मंडळी (ख्रिस्ती संकल्पना)

येशू ख्रिस्तावरील श्रद्धेने एकत्र आलेला, एकत्र उपासना करणारा आणि एकमेकांचा भार वाहणारा जनसमुदाय म्हणजे मंडळी. मराठी बायबलच्या नव्या करारात ग्रीक ‘एक्लेसिया’साठी हा शब्द योजला आहे. ग्रीक नगरांत नागरिकांना बोलावून भरवलेल्या सभेला एक्लेसिया म्हणत. जुन्या करारातील इस्राएल लोकांच्या समुदायालाही मराठी भाषांतरांत मंडळीच म्हटले आहे. भाषांतरकारांची ही निवड फार नेमकी म्हणावी लागेल. ‘बसा मंडळी’ म्हणताना किंवा भजनी मंडळीचा उल्लेख करताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे माणसे येतात, भिंती येत नाहीत. प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती आजही ‘मी अमुक मंडळीचा सभासद’ असे सांगतात. इमारतीला चर्च म्हणतात. वसई परिसरातील कॅथलिक बोलण्यात ख्रिस्तसभा व धर्मग्राम (एका चर्चच्या परिसरातील श्रद्धावंतांचा समुदाय) हे शब्द अधिक रुळले आहेत.

मंडळीत आपलेपण आधी की सेवा आधी, हा या संकल्पनेतला कळीचा प्रश्न आहे. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथ या ग्रीक नगरातील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात याचे उत्तर शरीराच्या दृष्टांतातून येते. यहूदी असोत वा ग्रीक, दास असोत वा स्वतंत्र, बाप्तिस्म्याने (ख्रिस्ती होताना घेतलेल्या जलसंस्काराने) सर्व जण एका शरीराचे झाले आहेत, हे पौल प्रथम सांगतो; कोणत्या अवयवाचे काम कोणते, हे त्यानंतर येते. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक असतात. म्हणजे अंथरुणाला खिळलेला, कोणतेही काम न करू शकणारा माणूसही पूर्ण सभासद ठरतो. सेवा करून मंडळीत जागा मिळवायची नसते. जागा मिळालेलीच असते, म्हणून सेवा करायची असते. ख्रिस्ती विचारातले हे सर्वांत दिलासा देणारे वाक्य असावे, आणि सर्वांत सहज विसरले जाणारेही.

सेवेसाठी नव्या करारात ‘दियाकोनिया’ हा शब्द येतो. नव्या करारातीलच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात यरुशलेममधील मंडळीत कुरकुर सुरू होते: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत आहे. प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, मंडळीला सात माणसे निवडायला सांगतात. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. एक तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदी नसलेला माणूस. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, वाटपाची पळी त्यांच्याच हाती दिली गेली. याच प्रसंगात अन्नवाटप आणि वचनाचा उपदेश या दोन्ही कामांना मूळ ग्रीकमध्ये दियाकोनिया हाच शब्द आहे, हेही लक्षात घ्यावे. व्यासपीठ आणि स्वयंपाकघर यांत पुढे जी उतरंड तयार झाली तिला या शब्दाचा आधार नाही. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हणून फिबी या स्त्रीची शिफारस येते. तिच्यासाठीही पौल ‘दियाकोनोस’ हाच शब्द वापरतो.

आपलेपणाची खरी कसोटी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, मेजावर लागते. करिंथमध्ये श्रीमंत आधी येऊन खात-पीत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने कडक शब्दांत खडसावले की हे प्रभूचे भोजनच नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे दासाचे काम, म्हणून पेत्र हा शिष्य संकोचतो. त्या स्मरणार्थ ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. रोमन कॅथलिक विधिनियमांत 2016 पर्यंत यासाठी पुरुषच निवडले जात. त्या वर्षी स्त्रियांचाही समावेश झाला.

महाराष्ट्रात या मेजाला वेगळे वजन आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झाले. नगर भागातील ख्रिस्ती समाजात पुढे महार व मांग समाजातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावच्या पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांनी ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाबरोबर एकाच भाकरीचा तुकडा घेणे ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट होती, हे आज शब्दांत पकडणे अवघड आहे. तरीही जात मंडळीच्या उंबऱ्यावर पूर्ण थांबली नाही. सोयरिकी जुळवताना ती आत आली, आणि हे मान्य केल्याशिवाय मंडळीविषयी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. बाहेरच्या जगाने वेगळीच किंमत मागितली: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही.

गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मिशनच्या शाळेतील मास्तर आणि घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्या बायबल बाईच्या कष्टांवर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा पुढे एकमेकींच्या शिक्षिका, परिचारिका झाल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाईही तिथल्या स्त्रियांनी केली. आश्रय घ्यायला आलेलीने आश्रय देणारी व्हावे, हे मंडळीचे रूप तिथे दिसले.

मात्र मिशनच्या व्यवस्थेत एक गाठही बसली. सेवा पगारी झाली, पगार परदेशातून आला आणि साधा सभासद घेणारा बनून राहिला. ही गाठ सर्वांत तीव्रतेने जाणवली ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळक यांना. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी नगरला मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला राहिले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बंधुभावाने एकत्र यावेत. मंडळीची कड कुठे संपते, हा अवघड प्रश्न त्यांनी असा उघड विचारला. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार टिकला नाही. प्रश्न मात्र टिकला. त्यांची भजने गात मोठी झालेली माणसे आजही तो वारसा सांभाळून आहेत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा संप्रदाय एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तिचे ब्रीद आहे. कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1964 मध्ये ख्रिस्तसभेचे वर्णन ‘देवाची प्रजा’ असे केले आणि सर्वसामान्य श्रद्धावंतांच्या सहभागावर भर दिला. वस्तीतील शेजारची घरे प्रार्थनेसाठी एकत्र जमण्याची पद्धत त्यानंतर वाढली.

रोजच्या जीवनात मंडळी दिसते ती लहान गोष्टींत. कापणीच्या सणाला कोणी ज्वारीची पायली आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा; उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामी येतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे: जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी राखले जाई, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकरी व द्राक्षारस घरी पोचवत. आजही उपासना आटोपल्यावर पाळक (मंडळीचे धर्मगुरू) लहानशी पेटी घेऊन निघतात आणि जिन्याची पायरी उतरणे जमत नाही अशा आजीच्या खाटेशी बसून तिला प्रभुभोजन देतात.